मोठा नेता समोर आला की वाचा का बसते?

नमस्कार मंडळी. मालवणातून बोलतेय. मागे समुद्र आहे, वारा सुटलाय, त्यामुळे आवाज मधेच फरफरला तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकूया. आपला कोकणी माणूस सहजासहजी कोणाला भाव देत नाही. आमदार बाजारात दिसला तर हातातली बांगड्याची पिशवी खाली न ठेवता विचारेल, ‘काय मग, यंदा तरी रस्तो होतलो काय?’ सिनेमातला हिरो तारकर्लीला स्कूबा करायला आला तर होडीवाला आधी त्याच्यावर ओरडेल, जॅकेटाचा पट्टा नीट बांध म्हणून. आणि हाच माणूस, ज्या नेत्याला त्याने जन्मभर मानलं, ज्याचा फोटो ओटीवर लावला, ज्याची भाषणं तोंडपाठ केली, तो नेता खरोखर चार फुटांवर येऊन उभा राहिला की...

(कॅमेऱ्याकडे बघत गप्प. पापणीही हलवायची नाही.)

...हे असं. तर हे असं का होतं, त्यात शरमेचं काही आहे का, आणि उद्या तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, हा आजचा व्हिडिओ.

मी हे बोलतेय ते कुठल्या अधिकाराने? सूत्रसंचालनाच्या. आपल्या जिल्ह्यात सरकारी, संस्थांचे, कॉलेजचे कार्यक्रम होतात, त्यांचं निवेदन मी करते. म्हणजे लोक स्टेजकडे बघत असतात तेव्हा मी स्टेजवरून लोकांचे चेहरे बघत असते. आणि खरं सांगू का, कार्यक्रमातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच असते.

एक प्रसंग सांगते. बचत गटांचं प्रदर्शन होतं. कोकम आगळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी, आंबोळीचं पीठ, असा नेहमीचा माल. प्रमुख पाहुणे राज्याबाहेरचे, नाव देशभर माहीत असलेले. एका स्टॉलवरच्या काकूंना तीन वाक्यं पाठ करून दिलेली होती: गटाचं नाव, सभासद किती, वर्षाची उलाढाल किती. आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली, काकू पोपटासारख्या बोलल्या. सकाळी बॉम्बशोधक पथक येऊन गेलं. श्वानपथकातला कुत्रा फणसपोळीपाशी जरा जास्तच रेंगाळला, त्याला मी तरी दोष देणार नाही.

पाहुणे आले. काकूंनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि काहीच नाही. मागून अधिकारी दबक्या आवाजात, ‘उलाढाल सांगा, उलाढाल!’ काकूंचे ओठ हलतायत, आवाज नाही. असे काही क्षण गेले आणि मग काकू एकदम म्हणाल्या, ‘जेवलात?’

अधिकाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुण्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, काय म्हणतायत? त्याने सांगितलं. पाहुणे हसले, मान हलवली, नाही अजून. आणि मग त्या स्टॉलवर जे थांबले ते थांबलेच. ‘मिनिट टू मिनिट’ म्हणून एक कागद असतो आमच्याकडे, कुठे किती मिनिटं थांबायचं ते त्यात लिहिलेलं असतं. तो त्या दिवशी तिथेच कोलमडला.

आता काकूंच्या आत काय चाललं होतं ते बघू. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. समोर काहीतरी फार मोठं आलंय एवढंच त्याला पहिल्यांदा कळतं. ते मोठं म्हणजे वाघ की पंतप्रधान, हा तपशील नंतर येतो. तोवर अ‍ॅड्रेनलिन सुटलेलं असतं. काळीज धाडधाड करतं. लाळ आटते, कारण पळायचं किंवा लढायचं असेल तर जेवणाची तयारी कशाला करायची? कातडीकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून हात गार पडतात, आणि तळव्यांना घाम फुटतो, म्हणून गार असून वर ओले. जे नेते दिवसभर शेकडो लोकांशी हस्तांदोलन करतात त्यांच्या हातात असे गार ओले हात येतच असतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

खरी गंमत कपाळामागे होते. वाक्य जुळवायचं, पुढचा शब्द धरून ठेवायचा, हे काम तिथलं. आणि त्या कामाची जागा फार थोडी, एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात. आता मोजा. पदर नीट आहे ना. फोटोवाला कुठे उभा आहे. हात आधी मी पुढे करायचा की त्यांनी. मागे साहेब काय पुटपुटतायत. झाल्या चार. उलाढालीला जागाच उरली नाही. पण ‘जेवलात?’ हे पाठ करावं लागत नाही. दारात आलेल्या माणसाला काकू आयुष्यभर तेच विचारत आल्यात, ते जागा मागत नाही, आपसूक बाहेर येतं.

हे झालं शरीराचं. पण कलेक्टरसमोर किंवा परीक्षेतही घाबरायला होतं. आवडत्या नेत्यासमोर जे होतं ते थोडं वेगळं आहे. त्यात भीती कमी आणि डोळ्यांत पाणी जास्त. हे कुठून येतं?

1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. तेव्हा तिकडे टीव्ही घराघरात नुकताच पोचला होता. त्यांचं म्हणणं असं, की पडद्यावरचा माणूस रोज आपल्या डोळ्यांत बघून बोलतो, आणि हळूहळू आपल्याला तो ओळखीचा वाटायला लागतो. पण ही ओळख एकतर्फी. तुम्हाला त्याची चालण्याची ढब माहीत, चष्मा काढून पुसायची लकब माहीत, तो तुरुंगात किती वर्षं होता ते माहीत. त्याला तुमचं नावसुद्धा माहीत नाही. घरी टीव्हीसमोर बसलेलं असताना हा हिशेब कधी पुढे येत नाही. तो येतो समोरासमोर आल्यावर. मेंदू म्हणतो, अरे हा तर आपला माणूस! आणि तो आपला माणूस तुमच्याकडे परक्याकडे बघावं तसं, गोड हसून बघतो. जिवाभावाच्या माणसाशी बोलायचं ते वाक्य इथे चालत नाही, आणि परक्याशी बोलायचं वाक्य मनाला पटत नाही. मधल्या मधे दातखीळ बसते.

माझं मत विचाराल तर सगळ्या प्रकाराचं मूळ हेच. आदर वगैरे नंतर. ही एका बाजूला कललेली ओळख आहे, आणि ती जिथे दोन्ही बाजूंनी असते तिथे वाचा बसत नाही.

(पडद्यावर: मालवण तालुक्याचा नकाशा, वराड गाव)

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. लिओ वराडकर. 2017 साली, वयाच्या 38 व्या वर्षी, आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळचे इथल्या वराडचे, आई आयरिश. डिसेंबर 2019 मध्ये, पंतप्रधानपदावर असताना, हे गृहस्थ सगळं कुटुंब घेऊन वराडला आले. एका युरोपीय देशाचा प्रमुख तुमच्या गावात! गर्दी झाली, फुलं झाली, कॅमेरे आले. पण गावाला त्यांच्याबद्दल असं काही माहीत होतं जे डब्लिनमधल्या मतदाराला माहीत नव्हतं. घर कुठलं, आजोबा कोण, भाऊबंद कोण. आणि त्यांनाही या गावाकडून काहीतरी जाणून घ्यायचं होतं, नाहीतर एवढ्या लांब कशाला येतील? ओळखीचा काटा जागेवर आला की माणूस बोलतो. खाली गोव्यात तेच. आंतोनियो कॉस्ता पोर्तुगालचे पंतप्रधान म्हणून जानेवारी 2017 मध्ये मडगावला वडिलांच्या घरी आले. आज ते युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. पण घरच्यांसाठी ‘बाबुश’. बाबुशसमोर कोणाची बोबडी वळेल हो?

बरं, आपल्या सगळ्यांचं आडनाव काही वराडकर नाही. त्यामुळे पुढे जाऊ.

दबकायला होतं त्यात अर्धा वाटा त्या माणसाचा असतो, अर्धा मांडणीचा. भव्य काही समोर आलं की माणूस का थिजतो यावर डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी 2003 मध्ये लिहिलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: समोरचं आपल्यापेक्षा फार मोठं वाटलं पाहिजे, आणि ते आपल्या नेहमीच्या समजुतीत मावता कामा नये. आता आपल्याकडच्या दौऱ्याची मांडणी बघा. सड्यावर हेलिपॅड. पहाटेपासून टँकरने पाणी मारणं चालू, नाहीतर जांभ्याची तांबडी धूळ उडून सगळं स्वागतमंडळ रंगून निघेल. तुम्ही सकाळी लवकर येऊन बसलात, पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली. दोन-तीन तास ऊन. मग आकाशात एक ठिपका. त्याचे दोन झाले, तीन झाले. कुठल्या हेलिकॉप्टरमध्ये पाहुणे आहेत ते शेवटपर्यंत कळत नाही. इतकं झाल्यावर आतून कोणीही उतरलं तरी भव्यच वाटणार! मी तर एकदा नुसत्या पायलटला टाळ्या पडलेल्या पाहिल्यात.

यातलं थोडंच पाहुण्याच्या थाटासाठी असतं, बरंचसं सुरक्षेसाठी. नोव्हेंबर 2010 मध्ये बराक ओबामा मुंबईला आले. गांधीजी जिथे उतरायचे त्या मणिभवनला ते जाणार होते. तर त्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून तिथल्या माडांवरचे नारळ आधीच उतरवले. ही बातमी जगभर चमत्कारिक म्हणून छापून आली. आपल्याला काय चमत्कारिक? माडाखाली गाडी लावताना आपण वर बघतोच. आपला प्रश्न एकच, ते नारळ नेले कोणी?

आणि हा प्रश्न विचारता येतो ना, तोच यातला उतारा आहे. आपण दशावतार बघत मोठे झालेलो लोक. नाटक उभं राहायच्या आधी देवळामागे जाऊन रंगपट बघायचा, हे लहानपणी कोणी केलं नाही? पेटाऱ्यावर आरसा टेकवून राजा स्वतःच स्वतःच्या भुवया रंगवतोय, बाजूला स्टीलच्या पेल्यात चहा, पाय दुखतो म्हणून कोणीतरी तेल चोळतंय. रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तरी तो राजा मांडावर आला की अंगावर काटा येतोच. म्हणजे मागची बाजू बघितल्याने आदर कमी होत नाही, फक्त हातपाय गळत नाहीत. स्टेजच्या मागे मीसुद्धा बघितलंय: भाषण गाजवणारे मोठमोठे लोक त्याआधी खोलीत चिठ्ठीवरचं आपल्या गावाचं नाव पुटपुटत पाठ करत असतात. ‘कणकवली’ला तर बाहेरच्या भल्याभल्यांची जीभ अडखळते.

सहवासानेही तेच होतं. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत इंग्रजांच्या कैदेत राहिला. 1910 मध्ये बांधून झालेला त्याचा राजवाडा आजही बघायला मिळतो. राजाची मोठी मुलगी रत्नागिरीचीच झाली, राजवाड्यावर नोकरीला असलेल्या एका कोकणी माणसाशी तिने संसार केला. रत्नागिरीकरांना ते घराणं म्हणजे शेजार. आणि डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच राजाच्या समाधीपाशी आदरांजली वाहायला समुद्रापलीकडून आले. एकाच कबरीपाशी दोन वेगळे चेहरे. एका राष्ट्राध्यक्षाला जिथे यावंसं वाटलं, तिथून रत्नागिरीकर रोज दूध आणायला जातो.

आणि नाथ पै, मधु दंडवते? राजापूर मतदारसंघाने 1957 पासून नाथ पैंना आणि 1971 पासून पुढे वीस वर्षं दंडवत्यांना दिल्लीला पाठवलं. संसदेत नाथ पै उभे राहिले की समोरची सत्ताधारी बाकंसुद्धा कान देऊन ऐकायची. दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोमच्या गाद्या आल्या, ज्यावर आपण आजही पाठ टेकतो. यांची उंची काय कमी होती? पण आमच्या घरातली जुनी माणसं या दोघांबद्दल बोलतात तेव्हा ‘मी त्यांना बघितलं’ असं म्हणत नाहीत. ‘मी त्यांना सांगितलं’ म्हणतात. विहिरीचं सांगितलं, एसटीचं सांगितलं, बोटीचं सांगितलं.

आता जरा अवघड भागाकडे येते. भारावून गेलेला माणूस एका दिशेला बघतो. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवलं होतं, की एखाद्याची एक गोष्ट आवडली की त्याच्या बाकीच्या गोष्टीही आपण चांगल्याच धरून चालतो. 4 डिसेंबर 2023, नौदल दिन, तारकर्ली. पंतप्रधान आलेले, समोर युद्धनौका, डोक्यावरून विमानं, आणि मालवणात राजकोटला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण. आपल्या किनाऱ्याने असा दिवस क्वचितच बघितला असेल. त्या दिवशी हजर असलेले लोक मला अजून सांगतात, पंतप्रधान कसे चालले, हात कसा केला, कोणाकडे बघितलं. पुतळा कसा दिसत होता विचारलं की जरा थांबतात. 26 ऑगस्ट 2024 ला तो पुतळा कोसळला. चूक कोणाची हा या व्हिडिओचा विषय नाही आणि पाया बघणं हे प्रेक्षकांचं कामही नव्हतं. पण कार्यक्रमाला गेल्यावर नेत्याच्या आजूबाजूलाही बघत जा, एवढं मी म्हणेन. मला स्वतःला ते जमायला वेळ लागतो, निदान पहिला अर्धा तास तरी.

मोबाइलबद्दलही ऐकून घ्या. लिंडा हेन्केल या संशोधिकेने विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला. 2014 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू पोरांना कमी आठवल्या. ज्यांचा एखादा भाग जवळ ओढून, झूम करून फोटो काढला त्या मात्र चांगल्या लक्षात राहिल्या. म्हणून पूर्ण भाषणभर हात वर धरून व्हिडिओ करणाऱ्यांनो, तो व्हिडिओ तुम्ही परत बघणार नाही आहात, आणि मागच्या माणसाला तुमच्या कोपरापलीकडचं काही दिसत नाही.

आता समजा, तुमचं नाव यादीत आलंय. स्वागताच्या रांगेत उभं राहायचंय किंवा पुष्पगुच्छ द्यायचाय.

तीन वाक्यं पाठ करू नका. एकच ठेवा, आणि ते तुमच्या रोजच्या जगण्यातलं असू द्या. ‘आमच्या गावात आंबा चांगला होतो’ हे त्यांनी शंभर ठिकाणी ऐकलंय. ‘यंदा मोहोर दोनदा जळला’ म्हणालात तर ते थांबतील. विचारायचंच असेल तर ज्याचं उत्तर त्यांना उभ्या उभ्या देता येईल असं विचारा. मोठ्या माणसालाही तो क्षण अवघडच असतो, समोर सगळे पुतळे उभे, कोणी बोलत नाही. तुम्ही काही बोललात तर त्याला बरंच वाटतं.

आपला क्रमांक जवळ येईल तसा श्वास सावकाश सोडा. घेताना नाही, सोडताना वेळ लावा. लांब उच्छ्वासाने काळजाचे ठोके उतरतात. आणि उपाशी जाऊ नका. मंडपात चक्कर येऊन पडलेले लोक भारावून पडलेले नसतात, सकाळपासून पोटात काही नसतं.

नमस्कार की हात? त्यांनी हात पुढे केला तर द्या, नाहीतर नमस्कार. पाया पडण्यासाठी अचानक वाकू नका. तुमचा भाव शुद्ध असतो, पण सुरक्षारक्षकाला फक्त झपकन खाली गेलेला माणूस दिसतो. स्पर्शाचे नियम सगळीकडेच असतात आणि मोडतातही. एप्रिल 2009 मध्ये मिशेल ओबामांनी इंग्लंडच्या राणीच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा केवढा गहजब झाला! राणीचाही हात त्यांच्या कमरेमागे होता, हे चर्चेत मागे पडलं. पण राणीला जमलं म्हणून तुम्ही करायला जाऊ नका.

हाक काय मारायची, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. राष्ट्रपतींना ‘महामहिम’ म्हणायची प्रथा देशातल्या कार्यक्रमांपुरती 2012 मध्ये प्रणव मुखर्जींनीच बंद करायला लावली. ‘माननीय राष्ट्रपती महोदय’, बाई असतील तर ‘महोदया’, पुरे आहे. मंत्री, पंतप्रधान, सगळ्यांना ‘साहेब’ किंवा ‘सर’ चालतं, कोणी रागावत नाही.

आणि चुकलंच काही, शब्द अडकला, गुच्छ उलटा दिला, तर? 2000 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्या विद्यार्थ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी आपला शर्ट बघितला. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आला होता. तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो हो. समोरचा प्रत्येक जण आपला पदर सारखा करत असतो. मला दिसतं ते वरून.

शेवटचं, जे दर वेळी राहून जातं आणि गेटवर रडारड होते. काळे कपडे, काळी छत्री टाळा, बऱ्याचदा आत सोडत नाहीत. फुलांचा गुच्छ स्वतः बांधून आणू नका, आयोजकांकडून तपासून आलेलाच हातात मिळतो. पासवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना ते आदल्या रात्री बघून घ्या, आपल्याकडे माहेरचं-सासरचं नाव यात हमखास घोळ होतो. आणि आधार कार्ड मूळचं न्या. झेरॉक्स घेऊन आलेल्यांना तिथला हवालदार परत पाठवतो, मग तुम्ही कितीही सांगा की आतमध्ये निवेदन करते ती आमच्या वाडीतली आहे.